अक्षरांची घराणी : सुरतेच्या खिळ्यांपासून वाचणाऱ्या यंत्रापर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान होते, ते आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला अक्षरओळख शिकवीत राहिले. तेव्हा या वर्षी अक्षरांविषयीच बोलावे, असे मी ठरविले. परंतु माझा आजचा विद्यार्थी सहा वर्षांचे मूल नसून एक यंत्र आहे. छापील पानाचे छायाचित्र पाहून त्यातील मजकूर ओळखणारी जी संगणकीय आज्ञावली असते, जिला सर्वत्र 'ओसीआर' या आद्याक्षरांनीच ओळखतात, तिला देवनागरी वाचावयास कसे शिकविले गेले, हा माझा विषय. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर असे की हा प्रश्न मुळात यंत्राचा नाहीच. पुष्कळ अक्षरांचे थोडे गट कसे पाडावेत, हा तो प्रश्न आहे. आणि भारतीय लिपीच्या बाबतीत तो व्यवहाराच्या पातळीवर उभा राहिला होता याच सुरत शहरातही, साडेतीनशे वर्षांपूर्वी.

भीमजी पारेख हे नाव येथील गुजराती बांधवांना ठाऊक असेल. मराठी श्रोत्यांपैकी किती जणांनी ते ऐकले असेल, याविषयी मला शंका आहे. हा ईस्ट इंडिया कंपनीचा सुरतेतील दलाल. १६६९ साली काझीच्या जाचाला कंटाळून सुरतेचे हजारो वाणी गाव सोडून भडोचला गेले, त्यांचा हा अग्रणी. शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी त्याने पाहिली असणार आणि १६७० चीही. या धामधुमीतच १६७० च्या सुमारास त्याने कंपनीकडे मागणी केली, ती तोफांची किंवा बनातीची नव्हे, तर छापखान्याची. आपल्याकडील प्राचीन ग्रंथ छापून काढावेत, अशी त्याची मनीषा होती. कंपनीने ती मानली. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक, वर्षाला पन्नास पौंड पगारावर, यंत्र, इंग्रजी खिळे आणि कागद घेऊन सुरतेस आला.

येथे घोडे अडले. हिल्स छापू शकत होता, पण खिळा कोरणे व ओतणे हे काम त्याचे नव्हते. इंग्रजीत मुद्रक वेगळा आणि ओतारी वेगळा. भीमजीला हवी होती ती कंपनीच्या पत्रांत ज्यांना 'बनियन अक्षरे' म्हटले आहे ती, म्हणजे वाण्यांची लिपी. ती नेमकी कोणती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण भीमजी स्वस्थ बसला नाही. त्याने स्वतःच्या माणसांकडून खिळे तयार करविण्याचा यत्न केला, आणि त्या अक्षरांत छापलेले काही कागद आपण पाहिले, ते चांगले व सुवाच्य होते, असे सुरतेच्या इंग्रजांनी विलायतेस कळविले. मात्र खर्च फार आणि काम अत्यंत संथ, ही तक्रारही त्यांनी जोडली. पुढे १६७८ मध्ये ओतारी पाठविल्याचा उल्लेख सापडतो. त्यानंतर हा प्रयत्न कागदपत्रांतून नाहीसा होतो. योगायोग असा की त्याच १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये 'हॉर्टस मलबारिकस' या वनस्पतिग्रंथाच्या पहिल्या खंडात कोकणी वैद्यांचे नागरी अक्षरांतील निवेदन छापले गेले; पण ते ताम्रपटावर कोरून. कोरलेले पान एकदाच उपयोगी पडते. भीमजीला हवा होता तो पुनःपुन्हा जुळविता येणारा खिळा.

प्रयत्न का फसला याचे कारण बहुधा पैसा व कारागिरी असे सांगितले जाते. ते खरेच आहे, पण त्याच्या मुळाशी गणित आहे. विलायती मुद्रकाच्या समोर सव्वीस अक्षरे, त्यांची लहान-मोठी रूपे, अंक आणि विरामचिन्हे. सारा संसार दोन केसांत मावतो. आपल्याकडे क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजने, क्ष आणि ज्ञ धरून छत्तीस. प्रत्येकाची बाराखडी मांडली की चारशे बत्तीस आकृती होतात, आणि त्यात अजून एकही जोडाक्षर आलेले नाही. प्रत्येक आकृतीचा वेगळा साचा कोरावयाचा तर कोणत्याही भीमजीची तिजोरी रिकामी व्हावी. गट पाडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता गट पाडणे आपल्याला नवे आहे काय? मुळीच नाही. आपली वर्णमाला हेच जगातील एक अत्यंत सुंदर वर्गीकरण आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा ओळी. प्रत्येक ओळीत आधी कठोर, मग मृदू, शेवटी अनुनासिक. पण हे वर्गीकरण कानाचे आहे. प आणि फ एका वर्गात आहेत ते ओठांमुळे. क आणि फ यांच्या पोटातून जाणारा दांडा पाहून कोणा व्याकरणकाराने त्यांना जवळ बसविले नाही. मुका माणूस वर्णमाला समजू शकेल, बहिरा नाही. आणि यंत्र हे ठार बहिरे असते. त्याला फक्त आकार दिसतो.

डोळ्यांचे वर्गीकरण मात्र आपल्या प्राथमिक शिक्षकांनी केव्हाच केले होते. मराठी मूल 'क ख ग'पासून लिहावयास लागत नाही, ते 'ग म भ न'पासून लागते. हे शब्द आपल्या भाषेत 'प्रारंभ' या अर्थाने इतके रुळले आहेत की त्यांमागची युक्ती आपण विसरलो आहोत. या चारही अक्षरांना उजवीकडे उभा काना आहे. मुलाचा हात एकदा तो काना ओढावयास शिकला की डावीकडचा भाग तेवढा बदलावयाचा. उच्चाराच्या दृष्टीने पाहिले तर ग कंठ्य, भ आणि म ओष्ठ्य, न दंत्य. चौघांना मिळून बांधणारे नाते उच्चारात नाही. नाते आहे ते हाताला आणि डोळ्याला.

छापखान्यातही हेच घडले. श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली १८०५ मध्ये मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत छापले गेले. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांना वळण आणले, आणि त्याच परंपरेत हात बसलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःची ओतशाळा व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ ज्यांनी हाताळले आहेत त्यांना त्या अक्षरांच्या सौष्ठवाविषयी मी काय सांगावे! परंतु मला येथे सांगावयाची आहे ती मुंबईची 'डिग्री' पद्धत. 'अखंड' खिळ्यात अक्षर आणि त्यावरची मात्रा एकाच धातूच्या तुकड्यावर असत. 'डिग्री' पद्धतीत मधल्या पट्टीत मूळ अक्षर, वरच्या बारीक पट्टीत मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खालच्या पट्टीत उकार, असे वेगवेगळे खिळे बसवीत. वाचकाला दिसणारी एक ओळ जुळाऱ्याच्या हाताखाली तीन ओळी असे. शिवाय काना असलेल्या अक्षरांचा अर्धा भाग आणि काना वेगळे ओतले, की तोच अर्धा भाग जोडाक्षरालाही चाले. तरीही खणांची संख्या कित्येक शे राहिली, आणि जुळारी केसासमोर हात लांब करकरून दमे. पण चारशे बत्तिसांचे काम छत्तीस अक्षरे आणि दहा-बारा खुणांवर आले, हे लहानसहान यश नव्हे.

मी हे इतक्या विस्ताराने सांगितले, कारण शंभर वर्षांनी संगणकशास्त्रज्ञांनी जे केले ते जवळजवळ तंतोतंत हेच होते. त्यांनी जुळाऱ्यांचे काम पाहून केले असे मी म्हणत नाही. लिपीची घडणच अशी आहे की तिच्याशी प्रामाणिकपणे झगडणारा प्रत्येक जण त्याच वाटेने जातो.

देवनागरीच्या यंत्रवाचनाचा अभ्यास कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांनी १९७० च्या दशकात सुरू केला. त्यांचा आणि एच. एन. महाबल यांचा या विषयावरील निबंध १९७९ चा. पुढे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९७ मध्ये बंगाली व देवनागरी या दोन्ही लिपी वाचणारी पद्धत मांडली. त्यांची रीत साधारण अशी. पानाचे चित्र सरळ करावयाचे, ओळी वेगळ्या करावयाच्या. प्रत्येक ओळीत सर्वांत जास्त काळा पट्टा शोधावयाचा, ती शिरोरेखा. ती पुसून टाकली की दोरीवरचे कपडे सुटावेत तशी अक्षरे सुटी होतात. शिरोरेखेच्या वर जे उरते ते मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. अक्षरांच्या तळाखाली जे लोंबते ते उकार. म्हणजे पुन्हा तीन पट्ट्या. मग मधल्या पट्टीतील अक्षरांचे गट : शेवटी काना असलेली, म्हणजे ख, घ, च, त, न, प, म, य, व, स इत्यादी, मध्ये दांडा असलेली, क आणि फ, दांडाच नसलेली, ट, ठ, ड, ढ, द, र, ह. (कानाचे आणि डोळ्याचे वर्गीकरण येथे क्षणभर एकत्र येते, हे चतुर श्रोत्याच्या लक्षात येईल : ट, ठ, ड, ढ ही भावंडे दोन्हीकडे एकाच घरात राहतात.) ग, ण, श यांचा काना सुटा असतो, म्हणून त्यांचा उपगट. एवढे झाले की यंत्राला छत्तिसांपैकी एक निवडावयाचे नसते. त्या गटातील एक निवडावयाचे असते. जोडाक्षरांना मात्र वेगळी वागणूक. त्यांची आकृती साठवणीतल्या नमुन्यांशी जुळवून पाहतात.

हे ऐकावयास जितके नीटस वाटते तितके वागत नाही. शिरोरेखा हा आपल्या लिपीचा आधार आहे तसा पुरावाही आहे. भ आणि म, ध आणि घ यांच्यातील एक भेद शिरोरेखा तुटलेली की सलग हा आहे. यंत्र पहिल्याच पायरीला तो पुरावा पुसते, आणि मग भेदाचा सारा भार एका लहानशा गाठीवर येऊन पडतो. जुन्या पुस्तकात शाई पसरून ती गाठ बुजलेली असली की भोसल्यांचे मोसले होतात, घाटग्यांचे धाटगे होतात. ख हे अक्षर सुटे झाले की र आणि व वेगळे दिसू लागतात, आणि 'खाना'चे 'रवाना' होते. हा घोटाळा माणसेही करीत असत; म्हणूनच र आणि व यांची पाऊले जोडलेला ख पुढे रूढ झाला. ब आणि व, ष आणि प यांच्यात तर पोटातील एका रेघेचे अंतर.

यात काय बिघडते, असे विचारले जाईल. वाचणारा समजून घेतो की! परंतु आज जुने पुस्तक कोणी पान उलटून शोधीत नाही; शब्द टाकून शोधतो. ज्या पुस्तकात भोसल्यांचे मोसले झाले, ते पुस्तक भोसल्यांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला सापडणारच नाही. कपाटात असूनही नसल्यासारखे. सुरतेतील मराठी घरांत आणि संस्थांत, पिवळ्या पडलेल्या, कोपऱ्याला बोट लावताच तुकडा पडावा अशा कागदाची पुस्तके आहेत. त्यांची छायाचित्रे निघतील, निघावीत. पण छायाचित्र हे वाचन नव्हे.

आता शेजारच्या लिपीकडे पाहू, कारण सुरतेचे मराठी मूल दोन्ही लिपी शिकते. गुजरातीने शिरोरेखा टाकली. वाण्यांच्या जलद लेखनातून आलेली ही लिपी मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये स्वतःचा छापखाना काढून छापावयास घेतली, आणि १८२२ मध्ये 'मुंबई समाचार' सुरू केला. शिरोरेखा नाही म्हणजे अक्षरे आधीच सुटी, यंत्राचे पहिले कष्ट वाचले. पण दोरीच नसेल तर वरची पट्टी कोठे संपते आणि मधली कोठे सुरू होते, हे कसे ठरवावयाचे? बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात या शतकाच्या आरंभी नेमक्या याच पट्ट्या ओळखण्यावर काम झाले. गुजरातीत आणखी एक गंमत आहे, ती येथील पहिलीच्या मुलालाही माहीत असते : तेथे दोनचा आकडा आणि र, पाचचा आकडा आणि प हे दिसावयास जवळजवळ सारखेच. आजूबाजूला आकडे आहेत की अक्षरे, हे पाहूनच ठरवावे लागते. म्हणजे आकारावरून केलेला गट शेवटी अर्थाची मदत मागतो.

एक विरोधाभास मला फार मोहवितो. संगणकात भारतीय अक्षरे साठविण्यासाठी जे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ठरविले, 'इस्की' नावाचे, ते वर्णमालेच्या क्रमावर उभे आहे. युनिकोडनेही तीच मांडणी घेतली. देवनागरीच्या रांगेत क ज्या जागी, गुजरातीच्या रांगेत गुजराती क त्याच जागी. म्हणजे साठविताना यंत्र पाणिनीय परंपरेचे ऐकते आणि वाचताना 'ग म भ न'चे. दोघांची गाठ घालून देताना अडचण होतेच. पहिली वेलांटी डोळ्याला व्यंजनाच्या आधी दिसते, पण साठवावी लागते व्यंजनानंतर, कारण कानाला ती नंतर ऐकू येते. यंत्राने जे पाहिले ते उलटे करून लिहावे लागते. आणि मध्ये जोडाक्षर आले की ती वेलांटी नक्की कोणाची, हा तंटा.

मराठीच्या वाट्याला काही अडचणी खास आल्या. मुंबई वळणाचे अ, झ, ण पुढे हिंदीनेही स्वीकारले, परंतु ल आणि श यांची मराठी रूपे वेगळीच राहिली. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये ती प्रमाण म्हणून नोंदविलीही. मराठी ल ला काना नाही, हिंदी ल ला आहे. म्हणजे हिंदी पानांवर शिकलेल्या यंत्राच्या दृष्टीने आपला ल चुकीच्या घरात जन्मलेला! तीच गत ळ ची, आणि त्याहून वाईट गत रफाराच्या आपल्या खास रूपाची. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतील भेद मराठी माणसाला एका छोट्या आडव्या वळणाने कळतो. यंत्राने तो सोडला की विद्वान स्वयंपाकघरात जातो. सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या चळवळीतून आलेली 'अि', 'अु' ही रूपे काही काळ मराठी नियतकालिकांत छापली गेली. ती पाने वाचताना यंत्र गडबडते, आणि बरोबर वाचले तरी 'अितिहास' शोधणारा आज कोण आहे?

'टेसेरॅक्ट' नावाची एक आज्ञावली आहे. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८० च्या दशकात तिचा जन्म झाला, २००५ मध्ये ती सर्वांना खुली झाली, आणि पुढे गूगलने तिची जोपासना केली. तिच्या एका आवृत्तीत शिकवणीच्या वेळी 'शेपक्लस्टरिंग', म्हणजे सारख्या दिसणाऱ्या आकारांचे पुंजके बांधण्याची, एक स्वतंत्र पायरी होती. आणि ती भारतीय लिपींखेरीज कोणासाठी वापरू नये, असे तिच्या माहितीपत्रकात सांगितलेले होते. ओताऱ्यांनी जे हेरले तेच पुन्हा. २०१८ पासूनच्या आवृत्तीत ही पायरी मागे पडली. आता यंत्र अक्षर सुटे करीत नाही. सबंध ओळ एकदम पाहते, आणि हजारो ओळींच्या सरावातून स्वतःच नियम बांधते. गट कोणी बाहेरून घालून देत नाही. काही मंडळींना वाटते की त्यामुळे वर्गीकरणाचा प्रश्न संपला. मला तसे वाटत नाही. गट आता दिसेनासे झाले, एवढेच. पूर्वी ल चुकीच्या घरात गेला तर ते घर दाखविता येत असे. आता फक्त चूक दिसते, तिचे कारण दिसत नाही.

शिवाय ओळ एकदम वाचणारे यंत्र अंदाजाने वाचते. पुढचा शब्द कोणता असण्याचा संभव आहे, हे त्याला सरावाने ठाऊक झालेले असते. माणूसही तसेच वाचतो, म्हणूनच मुद्रितशोधक शब्द उलट क्रमाने तपासतात. प्रमाण मराठीच्या पुस्तकांत हा अंदाज उपकारक ठरतो. पण उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतून जी मुले मराठी शाळांत येतात, त्यांच्या घरांतील बोली कोणती? खानदेशातून आलेल्या कुटुंबांची अहिराणी, लेवा. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा ती बोली छापील कागदावर ठसठशीत उमटली. ज्या यंत्राने प्रमाण मराठी आणि हिंदी यांवरच सराव केला आहे, ते अशा पानावरील बोलीचा शब्द पाहून त्याला छापण्याची चूक समजते आणि शेजारचा प्रमाण शब्द लिहून मोकळे होते. अक्षर चुकले तर वाचकाला ते खटकते. येथे खटकतही नाही, कारण निकाल शुद्ध मराठीत असतो. मला या क्षेत्रातील सर्वांत मोठा धोका हाच दिसतो, आणि तो लिपीचा नसून सरावाच्या निवडीचा आहे.

मोडीची गोष्ट तर आणखी निराळी. तीत शिरोरेखा आधी पानभर ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरे तिला लटकवीत जातात. शब्दांत अंतर नाही, विराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखक मानत नाही. केरींनी १८१० मध्ये आपल्या मराठी कोशात मोडीचे खिळे वापरले होते, आणि २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्येही जागा मिळाली. पण पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल खिळ्यांनी लिहिलेले नाहीत. तेथे काना वेगळा काढून गट पाडण्याची सोयच नाही, कारण एका अक्षराचा शेवट हाच पुढच्याचा आरंभ. सुरतेच्या चौथाईचे हिशेब, गायकवाडांचा व्यवहार, असे जे काही मोडीत आहे ते वाचण्यासाठी अजून तरी मोडी जाणणारा माणूसच लागतो, आणि असे लोक थोडे उरले आहेत.

या शाळेपुरते बोलावयाचे तर काम लहान आणि ठरावीक आहे. यंत्राला शिकविण्यासाठी दोन गोष्टी जोडीने लागतात : पानाचे चित्र, आणि त्या पानावर अक्षरशः जे आहे तोच, न सुधारलेला मजकूर. दुसरी गोष्ट यंत्र देऊ शकत नाही. ती माणसाने बसून उतरवावी लागते. आठवी-नववीचे विद्यार्थी हे करू शकतील, आणि ज्यांच्या घरी अहिराणी बोलली जाते ते तर आपणा प्राध्यापकांपेक्षा चांगले करतील. 'अि' असेल तर 'अि'च लिहावयाचे, बोलीतील रूप असेल तर तेच ठेवावयाचे, ळ आणि आडवा रफार प्रत्येक ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावयाचा. ग्रंथपालांनी सुरुवातीस १९०० पूर्वीची पुस्तके घेऊ नयेत, त्यांचे कागद हाताळणी सोसणार नाहीत. १९३० ते १९६० मधील खानदेशी लेखकांची पुस्तके आधी काढावीत. ती संख्येने कमी आहेत, आणि त्यांची दुसरी आवृत्ती बहुधा निघालेली नाही.